चरबी मोजा, तर्रीही मोजा

संपादक महोदय,

आषाढात कोल्हापुरात त्र्यंबोली देवीची जत्रा आणि म्हाया, म्हणजे देवीच्या नावाने मटणाच्या पंगती, सुरू झाल्या, की आरोग्याच्या सदरांतून मटणाच्या चरबीला शिव्या पडू लागतात. त्यातले निम्मे बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

आमच्या सासूबाई खाटकाकडून चरबी वेगळी मागून घ्यायच्या. बारीक तुकडे, जाड बुडाची कढई, अर्धी वाटी पाणी आणि मंद आच. पाणी असेतोवर तुकडे करपत नाहीत. ते आटेपर्यंत चरबी सुटते आणि तुकडे तिच्यातच तळून निघतात. तूप कढवल्यावर बेरी उरते, तसे तांबूस, कुरकुरीत तुकडे खाली राहायचे. त्यावर मीठ, कांदा-लसूण चटणी, सोबत गरम भाकरी. गाळलेल्या चरबीत रश्श्याचा कांदा परतायचा, वेगळे तेल नाही. फक्त पंगत रेंगाळता कामा नये. ही चरबी साधारण ४५ अंशांच्या आसपासच थिजू लागते, मग ताटाच्या कडेला पांढरी धरते आणि टाळूला चिकटते.

आता हिशेब. १० ग्रॅम चरबीत ९० कॅलरी, १० ग्रॅम रिफाइंड तेलातही तेवढ्याच. चरबीत संपृक्त मेद सुमारे निम्मा असतो, साजूक तुपात त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, संपृक्त मेदातून १० टक्क्यांहून जास्त ऊर्जा नको; २००० कॅलरींच्या आहारात तो साधारण २२ ग्रॅम भरतो. म्हणजे २० ग्रॅम चरबीतच जवळपास निम्मा कोटा संपला, आणि मटणातली वेगळीच. तेव्हा हे रोजचे खाणे नव्हे. हृदयविकार, कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे. जिमला जाणारा आमचा पोरगा त्या तुकड्यांना प्रोटीन म्हणतो. आहे थोडे, पण बहुतेक कोलॅजेनचे. मटणाच्या फोडीची सर त्याला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. चरबीला नाक मुरडणारेच तांबड्या रश्श्यावर बोटभर तर्री नसली तर वाढप्याला हाक मारतात. ती तर्री बहुतेक ठिकाणी ओतलेल्या तेलाची असते. आरोग्याच्या सदरात ती ग्रॅममध्ये मोजून छापाल का?

परवा मी चरबी मागितली तर खाटीक हसला. वजनात घालताना मात्र त्याला हसू येत नाही.

– एक गृहिणी, मंगळवार पेठ, कोल्हापूर