कमाई दोन ठिकाणची, रिटर्न मात्र एकच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या वडगाव, शहापूर भागात एकाच माणसाचे दोन-तीन धंदे असतात. दिवसभर मागावर काम, संध्याकाळी ट्यूशन, वर विम्याची एजन्सी, आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरताना मात्र फक्त मोठा धंदा दाखवायचा, बाकी "किरकोळ" म्हणून सोडून द्यायचं. हे चुकीचं आहे आणि महागात पडतं, कारण विमा कंपनीने कमिशनवर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला की तो फॉर्म २६एएस आणि एआयएस या आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदींमध्ये दिसतोच, मग नोटीस येते आणि घरात सगळे घाबरतात. उलट कर बसतच नसेल तर कापलेला टीडीएस रिटर्न भरूनच परत मिळतो, तोही लोक सोडून देतात!

अजून एक, छोट्या धंद्याला डिजिटल जमेवर ६ आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायची सोय आहे (जास्त झाला असेल तर जास्त दाखवायचा), पण ती कमिशनला लागू नाही. म्हणजे मागासोबत विम्याचं कमिशन असेल तर ही सोय घेणाऱ्यांचा सोपा आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. हे नेट कॅफेवाला सांगत नाही. चंदगड-कोल्हापूरच्या गिऱ्हाईकाचे पैसे "महाराष्ट्रातले" म्हणून वेगळे ठेवणारेही आहेत, अहो इन्कम टॅक्स केंद्राचा, सीमेचा काय संबंध?

इथल्या कर सल्लागारांनी रिटर्नची मुदत संपायच्या आधी गल्लीतल्या मंडळांत बसून मराठीत हे समजावून सांगावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव