ते शेवटचे तीन कॉर्ड

धंतोली, नागपूर
२८ एप्रिल

प्रिय वसू,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीनंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही. तुझी दोन पत्रे खणात तशीच पडून आहेत, आणि खण उघडला की मला अपराध्यासारखे वाटते. इथे सर्वांची प्रकृती ठीक आहे. माझा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे आणि ह्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. आता मुद्द्याचे लिहिते, कारण ते तुझ्याखेरीज कोणालाही सांगून उपयोग नाही. परवाच्या रविवारी, आपल्याला पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाला, त्यांच्या सदर भागातल्या घरी, त्यांच्याच पियानोवर मी शोपँचा तो आपला ई मायनर प्रेल्यूड वाजवला, आणि तेविसाव्या बारमध्ये मी चोरी केली.

तू आत्ता हातातले काम खाली ठेवले असशील, हे मला दिसते आहे.

सगळे क्रमाने सांगते. बाईंच्या लेकीचा फेब्रुवारीत फोन आला की आईच्या आवडीचे काहीतरी तू वाजवशील का. मी लगेच हो म्हटले आणि त्या रात्री झोपले नाही. पंचवीस बारची, म्हणजे पंचवीस छोट्या आवर्तनांची, ती रचना. बोटांना त्यात अवघड असे काही नाही, शिकायला घेणारी कोणतीही मुलगी पंधरा दिवसांत सूर जागेवर पाडते. पण बाईंनी आपल्याला पहिला महिनाभर उजवा हात लावूच दिला नव्हता, आठवते ना? नुसते डाव्या हाताचे कॉर्ड, एकदम दाबलेले दोन-तीन स्वर, एका बारमध्ये आठ वेळा, आणि प्रत्येक वेळी कोणते बोट अर्ध्या स्वराने खाली उतरले ते तोंडाने सांगायचे. एका वेळी बहुधा एकच बोट हलते, बाकीची तिथेच राहतात, म्हणून ऐकणाऱ्याला काय बदलले ते कळत नाही, पण उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. या वेळीही मी तसाच अभ्यास केला. त्यात बाईंचा पियानो उभा. ग्रँड पियानोत पट्टी अर्धी वर आली तरी हातोडी पुन्हा वाजते, उभ्यात ती जवळजवळ पूर्ण वर यावी लागते, आणि तेच आठ ठोके हलक्या आवाजात, एकही न गाळता, एकही न आपटता वाजवायचे म्हणजे मनगटाची परीक्षा असते. मार्च संपेपर्यंत माझे रोजचे दोन तास त्यातच गेले.

पियानोची अवस्थाही तुला सांगायला हवी. आपल्या इथल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि सूर खाली उतरतो, पाऊस लागला की लाकूड फुगते आणि सूर वर चढतो. बाई एप्रिल लागताच पियानोखाली पाण्याचे पातेले ठेवत, ते गेल्या वर्षी ठेवायला कोणी नव्हते. सूर लावणारे गृहस्थ मुंबईहून आले, दोन दिवस राहिले, आणि जाताना बजावून गेले की कूलरचा ओला झोत यावर थेट येऊ देऊ नका.

कूलर हा शब्द लक्षात ठेव.

आता आपल्या भांडणाकडे येते. तुझे म्हणणे असे होते की पियानो या रचनेला अपुरा आहे. पांढरी तीनचा, म्हणजे ई चा, षड्ज धरला तर सुरुवातीची सुरावट म्हणजे पंचम, त्यावर कोमल धैवताचा स्पर्श, पुन्हा पंचम, आणि हे परत परत. आणि धैवतावरून पंचमावर येताना जी मींड हवी ती पियानोला येतच नाही, म्हणून ही रचना व्हायोलिनचीच आहे, असे तू म्हणत होतीस. मी म्हणत होते की पियानोचा लांब स्वर वाजवल्या क्षणापासून मरू लागतो, खालचे ठोके चालूच राहतात, आणि त्या विरत चाललेल्या पंचमातूनच पुढचा धैवत उचलावा लागतो. दुःख आहे ते त्या विरण्यात, आणि तुझा गज तो स्वर हवा तेवढा जिवंत ठेवतो म्हणूनच ते निसटते. तुझी व्हायोलिन आणि पेटीची मांडणी मी आजवर कोणापुढे वाईट म्हटलेली नाही, पण तुझ्या आंदोलित धैवताला मी ‘रडका’ म्हटले होते, ते मी आज मागे घेते. मी या दोन महिन्यांत उजवा हात सोडून, तुझी ओळ मनात म्हणत, नुसता डावा हात कितीतरी वेळा वाजवला, आणि तुझ्या ओळीखाली तो अधिक शहाणा वाटतो. (तुझी राळेची डबी काकूंनी खडा हिंग समजून वरणाच्या फोडणीला घेतली होती, तो वास मला कॉर्ड वाजवताना अजून येतो. अप्पांनी ते वरण संपवले होते, ही त्यांची थोरवी.)

शोपँने हे सगळे प्रेल्यूड १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर पुरे केले, आणि १८३९ मध्येच ते चोवीसही छापले गेले, हे बाईंनी आपल्याला सांगितलेच होते. मला मात्र आता त्यातली एक गोष्ट जास्त लागते: पॅरिसहून मागवलेला त्याचा प्लेएल पियानो कस्टममध्ये अडकून जानेवारीत त्याच्यापर्यंत पोचला, तोवर तो पावसात, खोकत, तिथल्याच एका साध्या पियानोवर काम करत होता. हान्स फॉन ब्यूलो या जर्मन पियानोवादकाने पुढे या चौथ्या प्रेल्यूडला ‘गुदमर’ असे नाव दिले. मला ते नाव पटत नाही. गुदमरणाऱ्याला घाई असते. इथे सोळाव्या-सतराव्या बारमध्ये एकदाच हंबरडा आहे, तेवढा सोडला तर कशाचीच घाई नाही. आणि तेविसाव्या बारमध्ये तर संगीत चक्क थांबते.

तो बार तुला सांगायला नको, तरी मला तो लिहून काढायचा आहे. आवाज विझत विझत येतो, एक कॉर्ड पडतो, त्याच्या तळाशी तीव्र मध्यम असतो, आणि तो तीव्र मध्यम पंचमाकडे जाण्यासाठी जीव टाकत असतानाच सर्व पट्ट्या सोडायच्या. मग रेस्ट, म्हणजे विराम, आणि त्या रेस्टवर फर्माटा, थांबून राहण्याची खूण. किती वेळ थांबायचे ते लिहिलेले नाही. त्यानंतर अगदी हलके तीन कॉर्ड, आणि षड्जाचा स्वतःचा कॉर्ड प्रथमच षड्ज पायथ्याशी घेऊन बसतो. तोवर पहिल्या कॉर्डपासून तो असा कुठेच बसलेला नाही. म्हणजे ती शांतता काढली तर त्या षड्जाला अर्थ उरत नाही.

१९८७ च्या गॅदरिंगला तू ती शांतता पूर्ण धरली होतीस. गज हवेत, डोळे मिटलेले. लोकांना वाटले संपले, आणि टाळ्या पडल्या. मी रागाने पेटीचा भाता सोडला आणि उठून विंगेत निघून गेले, ते तीन कॉर्ड न वाजवता. तू तशीच उभी राहिलीस. त्यानंतर दोन वर्षे तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि मी मात्र सगळीकडे सांगत राहिले की श्रोते अडाणी होते. श्रोते अडाणी नव्हते, वसू. त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि टाळ्या विरल्यावर ते तीन कॉर्ड ऐकायला ते बसलेच असते. तू थांबायला तयार होतीस, मी नव्हते. हे तुला इतक्या वर्षांत एकदाही लिहिले नाही.

तर रविवार. संध्याकाळी सहाची वेळ, तरी त्रेचाळीस अंशांची धग भिंतींतून बाहेर येत होती. तीस-पस्तीस माणसे बाईंच्या त्या लांबट खोलीत दाटीने बसली होती. खिडकीतल्या कूलरची घरघर आणि ताट्यांवरून ठिबकणारे पाणी यांत हलका कॉर्ड ऐकूच येईना, म्हणून मी सर्वांसमोर विनंती केली की वाजवणे होईपर्यंत कूलर बंद ठेवूया. त्या शांततेसाठीच मागितले होते मी ते. लोकांनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही. पदर, वर्तमानपत्रे, हातपंखे, जे हाती लागले त्याने वारा घेत ते बसले, आणि मी सुरुवात केल्यावर पंखेही थांबले.

पहिले बारा बार मला हवे तसे गेले. हंबरड्याच्या जागी हात जरा जड पडला, पण ते चालण्यासारखे होते. मग तेविसावा बार आला, तो कॉर्ड वाजला, मी पट्ट्या सोडल्या, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसले की पहिल्या ओळीतल्या आजोबांनी मांडीवरचे दोन्ही हात उचलले. मला गॅदरिंगचा तो हॉल आठवला आणि मी पुढचा कॉर्ड खाली टाकला. एक श्वासही पुरा झाला नसेल. तीन कॉर्ड झाले, टाळ्या पडल्या, योग्य जागी पडल्या. मी वळून पाहिले तेव्हा आजोबा रुमालाने मानेवरचा घाम पुसत होते. त्यांनी हात उचलले होते ते रुमालासाठी.

सगळ्यांनी कौतुक केले. पन्हे झाले, संत्रा बर्फी झाली, बाईंच्या बहिणीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘अगदी तिच्यासारखं.’ बाई तिथे किती थांबत ते मला माहीत आहे. तीस-पस्तीस माणसे माझ्या शब्दावर उकाड्यात बसली आणि ज्याच्यासाठी बसली ते मी त्यांना दिले नाही, आणि कोणालाही ते कळले नाही. माझ्या जिवाला लागले आहे ते हेच. घरी ह्यांना सांगितले तर म्हणाले, सेकंदा-दोन सेकंदांचा प्रश्न आहे. मी त्यांना दोष देत नाही.

तेव्हापासून रोज रात्री याच रचनेची जी मिळतील ती रूपे ऐकते आहे. ३० ऑक्टोबर १८४९ ला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये शोपँच्या अंत्यविधीत हाच प्रेल्यूड ऑर्गनवर वाजला होता, लेफेब्युर-वेली यांनी वाजवला. म्हणजे ज्याची रचना त्याच्याच शवपेटीजवळ ती दुसऱ्या वाद्यावर गेली. ऑर्गनचा स्वर पट्टी दाबलेली आहे तोवर मरत नाही, तेव्हा माझा जुना युक्तिवाद तिथेच ढासळतो. आणि मला सारखे वाटते की त्या दगडी घुमटांखाली त्या फर्माट्याचे काय झाले असेल. वादकाने हात उचलल्यावरही नाद वर फिरत राहिला असेल, शांतता रिकामी पडलीच नसेल. भाच्याने १९६३ ची एक तबकडी ऐकवली, तिच्यात गेरी मलिगन या सॅक्सोफोनवादकाने हीच सुरावट बोसा नोव्हा या ब्राझिलियन लयीवर घेतली आहे. मला वाटले होते चीड येईल, आली नाही. दुःख तेच आहे, फक्त त्याला चालायला रस्ता दिला आहे. चेलोवरची ऐकली, गिटारवरची ऐकली. गिटारचा स्वर पियानोपेक्षाही लवकर विरतो, आणि मला ती फार जवळची वाटली. पण प्रत्येक वेळी मी सुरावट ऐकायची सोडून तेविसाव्या बारची वाट पाहत बसते, आणि वाजवणारा किती थांबतो ते श्वासाने मोजते.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले का? लेकाच्या नव्या नोकरीचे कळले, आनंद झाला, त्याला आशीर्वाद सांग. पुण्याचे घर विकण्याचा विचार लांबणीवर टाक असे मला वाटते, पण त्यावर वेगळे लिहीन.

बाईंच्या लेकीने जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, पुन्हा जमूया असे सुचवले आहे. कूलर लागणार नाहीत. ती म्हणाली, वसूमावशीला बोलव, दोघी मिळून वाजवा. मी तिला अजून उत्तर दिलेले नाही. तू यावेस असे मला फार वाटते. तू वरची ओळ घे, मी डावा हात धरते, आणि या वेळी कितीही टाळ्या पडल्या तरी मी उठणार नाही. पण हेही खरे की तू सोबत असलीस तर ती शांतता तू धरशील, आणि माझ्याच्याने एकटीने ती धरवते की नाही हे मला कधीच कळणार नाही. म्हणून मनात असे आहे की आधी मी एकटी वाजवावे, तू समोर बसावेस, आणि मग आपण दोघींनी. हे जास्त मागणे होते का, ते सरळ सांग. गुडघ्यामुळे प्रवास झेपणार नसेल तर तसेही कळव, मी राग धरणार नाही.

आणखी एक काम. तुझ्या मांडणीच्या त्या निळ्या रेघांच्या कागदावर, तेविसाव्या बारच्या डोक्यावर, तू लाल शाईने एक आकडा लिहिला होतास, किती मोजायचे त्याचा. मला तो चार आठवतो, कधी पाच आठवतो. व्हायोलिनच्या पेटीत तो कागद अजून असेल तर पाहून आकडा कळव.

तुझी,
मंगल