भीती आम्हालाही वाटत होती

मा. संपादक,
स. न.

कारगिल विजय दिनानिमित्त आपण छापलेला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण ‘भीती हा शब्दच ज्यांना ठाऊक नव्हता’ या वाक्यापाशी मी अडलो. जुलै आला की हे वाक्य कुठे ना कुठे भेटतंच.

१९९९ च्या जूनमध्ये मी द्रासला तोफखान्यात होतो. वय २१. नाशिक रोडचं प्रशिक्षण संपून जेमतेम दीड वर्ष झालेलं. तोलोलिंग अजून शत्रूकडे होतं आणि वरून त्यांना श्रीनगर-लेह रस्ता अंगणासारखा दिसायचा. आमच्या गाड्या रात्री दिवे मालवून चालत. बोफोर्सचा गोळा चाळीस किलोंच्या वर भरतो. पहिल्या रात्री वरून मारा सुरू झाला तेव्हा ट्रकमधून गोळा उतरवायला मी हात पुढे केले आणि बोटं मिटेचनात. जीभ टाळ्याला चिकटलेली. दात वाजत होते. थंडीने म्हणावं तर बनियन घामाने ओला. खोटं कशाला बोलू, पळून जावंसं वाटलं. त्या काळोखात पळणार कुठे, म्हणूनही थांबलो असेन.

आमचे हवालदार कोल्हापूरकडचे, तोंडाने फटकळ. आता आईबापाचा उद्धार होणार, असं धरून चाललो होतो. ते जवळ येऊन कानाशी म्हणाले, “भ्या वाटतंय न्हवं? मला बी वाटतंय. तू ह्यो गोळा तेवढा बघ, डोंगराकडं बघू नगंस.” तो गोळा उतरवला, मग पुढचा. पहाटेपर्यंत किती झाले ते कोणी मोजलं नाही. भीती होती तिथेच होती, हातांनी तिचं ऐकणं सोडलं होतं. १३ जूनला तोलोलिंग सर झाल्याची बातमी आली तेव्हा हेच हवालदार ट्रकच्या चाकाआड बसून ढसाढसा रडले. आम्ही चहा करण्यात गुंतल्यासारखं दाखवलं.

भीती म्हणजे भेकडपणा, असं एकदा ठरवून टाकलं की काय होतं ते पहिल्या महायुद्धात दिसलं. पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. तोफांच्या माऱ्याने मन पार खचलेले कित्येक जण त्यात होते. हर्बर्ट बर्डन हा पोरगा वय वाढवून सांगून भरती झाला होता. १९१५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या तेव्हा तो १७ वर्षांचा होता. या सगळ्यांना माफी मिळाली २००६ मध्ये. नव्वद वर्षांनी! स्टॅफर्डशायरमध्ये त्यांचं स्मारक आहे. त्यातला डोळ्यांवर पट्टी बांधलेला पुतळा बर्डनवरूनच घडवला आहे.

हे लिहायचं कारण घरातलंच आहे. माझा पुतण्या अग्निवीर म्हणून निवडला गेलाय, पुढच्या महिन्यात निघेल. आपला लेख त्याने कापून पाकिटात ठेवलाय. परवा जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो होतो, तेव्हा त्याने हळूच विचारलं, “काका, मला तर आत्तापासूनच पोटात गोळा येतोय. माझ्यात काही कमी आहे का?”

त्याला वर लिहिलेली ती रात्र सांगितली. इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदाच. बायको दारात उभी राहून ऐकत होती, हे मला नंतर कळलं.

पुढच्या जुलैत ते वाक्य तेवढं वगळा, ही विनंती.

– एक माजी तोफची, कोरेगाव, जि. सातारा