तो दरवर्षी आईसाठी लढतो

१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई, तू विचारलंस, "तो 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे' सिनेमा यायला अजून वर्ष आहे, मग आत्तापासून एवढा कसला आनंद?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि विषय तिथेच राहिला. ते काही दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, बाबांना भिंग शोधायला लागू नये.

आधी खुर्च्यांचं सांगते. यंदा २६ मार्चला मार्व्हलने, म्हणजे हा सिनेमा काढणाऱ्या कंपनीने, त्यातले नट जाहीर करायला इंटरनेटवर एक थेट प्रक्षेपण सुरू केलं. त्यात दिसत होती फक्त एक खुर्ची, शूटिंगच्या वेळी नटांसाठी ठेवतात तशी, कापडी पाठीची. पाठीवर नाव लिहिलेलं: ख्रिस हेम्सवर्थ. बास. दहा-बारा मिनिटांनी कॅमेरा हळूच बाजूला सरकायचा आणि दुसरी खुर्ची, दुसरं नाव. असं ५ तासांहून जास्त वेळ चाललं होतं. २७ नावं! मी घरातली कामं करत होते, पण लक्ष सगळं तिकडे. पॅट्रिक स्ट्युअर्ट आणि इयन मॅकेलन यांच्या खुर्च्या आल्या तेव्हा हातातलं काम टाकून मी जमिनीवर बसकण मारली. २००० साली एक्स-मेनच्या पहिल्या सिनेमात जिवलग मित्र आणि तरीही एकमेकांचे विरोधक झालेले ते दोघे. त्या दिवशी एक ८४ वर्षांचे होते, दुसरे ८५. बाबा, तुमच्याहूनही मोठे, आणि सेटवर त्यांच्या नावाची खुर्ची मांडलेली! शेवटच्या खुर्चीवर रॉबर्ट डाउनी ज्युनियर स्वतः येऊन बसला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

हा तोच नट, २००८ पासून आयर्न मॅन झालेला. २०१९ मध्ये पडद्यावर आयर्न मॅन गेला तेव्हा मी किती रडले होते ते तुम्ही पाहिलंय. आता तोच 'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये परत येतोय, पण नायक म्हणून नाही. तो डॉक्टर डूम झालाय, लोखंडी मुखवट्यातला खलनायक. आणि आई, माझ्या आनंदाचं खरं कारण हा डूमच आहे. पण त्याच्याकडे यायला मला जरा लांबून यावं लागेल.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, "या सगळ्यांचे आई-बाबा मरूनच का जातात?" सुपरमॅनचे त्याच्या ग्रहाबरोबर संपले. बॅटमॅनचे गल्लीत गोळी लागून गेले. स्पायडर-मॅनला वाढवणाऱ्या बेनकाकांना चोराने मारलं. बाबा, तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक." पुढे कितीतरी वर्षांनी मी लिहिणाऱ्याची माहिती वाचली. क्लीव्हलँडमध्ये जेरी सिगल नावाचा मुलगा होता. १९३२ साली त्याच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्यातच वडिलांचं हृदय बंद पडलं. पुढे जेरीने जो शुस्टर या मित्राबरोबर एक माणूस रचला, ज्याला गोळी लागत नाही. १९३८ मध्ये तो छापून आला, आणि त्याचे सगळे हक्क दोघांनी १३० डॉलरना देऊन टाकले होते. जेरीने वडिलांसाठीच सुपरमॅन लिहिला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते वाचल्यापासून सुपरमॅनच्या छातीवर आपटून गोळ्या खाली पडताना दिसल्या की मला ते दुकान आठवतं.

आता गंमत ऐका. गेल्या दोन वर्षांत या कॉमिक्समध्ये काहीतरी फार सुंदर घडलंय. जुन्या नायकांच्या कथा पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या जगात मांडायला घेतल्यात, आणि त्या जगांत गेलेली माणसं परत मिळाली आहेत. २०२४च्या जानेवारीत आलेल्या 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'मध्ये पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, कोवळा पोरगा नाही. संसारी माणूस आहे, दोन मुलांचा बाप, आणि मग त्याला शक्ती मिळते. बेनकाका जिवंत आहेत! मे काकू मात्र नाही, आणि तिची उणीव त्या दोघांच्या बोलण्यात सारखी जाणवते. म्हातारा होत चाललेला काका आणि केस विरळ होण्याच्या वयाला आलेला पुतण्या एकमेकांशी बोलताहेत. साठ वर्षं ज्या माणसाचं मरण हीच ओळख होती, त्याला अखेर बोलायला मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' सुरू झालं. स्कॉट स्नायडर लिहितो, निक ड्रागोटा चित्रं काढतो. इथे ब्रूसजवळ, म्हणजे बॅटमॅनजवळ, पैसा नाही, महाल नाही. त्याचे वडील शाळेत शिक्षक होते, ते प्राणिसंग्रहालयातल्या गोळीबारात गेले. पण आई आहे. बॅटमॅनला आई आहे! मी ते पान किती वेळ उघडं ठेवून बसले होते.

यंदाच्या जुलैत आलेला 'सुपरमॅन'ही तसाच. त्यात क्लार्ककडे, म्हणजे सुपरमॅनकडे, जन्मदात्यांचा एक अर्धवट बिघडलेला निरोप असतो. दुखलं-खुपलं की तो तेवढाच ऐकतो. पुढे उरलेला भाग सापडतो आणि कळतं, त्यांनी त्याला माणसांवर राज्य करायला पाठवलं होतं. पोर पार कोसळतो आणि घरी जातो, ज्यांनी वाढवलं त्यांच्याकडे. ते दोघं साधे, बोलताना अडखळणारे. बाप एवढंच समजावतो की तू कोण व्हायचंस ते आम्ही ठरवायचं नसतं, ते तुझ्या वागण्याने ठरेल. सिनेमाच्या शेवटी यंत्रमानव जखमी क्लार्कला आई-वडिलांची चित्रफीत लावून देतो, आणि यावेळी पडद्यावर दिसतात ते हे दोघं, लहानग्या क्लार्कला खेळवताना. दिवे लागले तरी मी उठले नाही. तुम्ही शेजारी हवे होतात.

आता डूम. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी तो निर्माण केला, आणि त्याचं बालपण दोन वर्षांनी सांगितलं. वडील वैद्य होते. सरदाराच्या बायकोला वाचवू शकले नाहीत म्हणून मुलाला घेऊन त्यांना बर्फात पळावं लागलं. स्वतःचे कपडे त्यांनी मुलाला पांघरले आणि ते गारठून गेले. आई त्याआधीच गेली होती. ती चेटकीण होती, आणि तिचा आत्मा मेफिस्टो नावाच्या सैतानाकडे अडकला. डूम दरवर्षी एकदा त्या सैतानाशी तिच्यासाठी लढतो आणि हरतो. राजा झाला, जग त्याला घाबरायला लागलं, तरी वर्षातून एकदा तो आईसाठी हरायला जातो.

१९८९च्या एका पुस्तकात ही लढाई संपते. माइक मिन्योलाने चित्रं काढली आहेत, सगळी जड काळ्या सावल्यांची. डूम डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराला मदतीला घेऊन पाताळात उतरतो आणि तिथे त्यालाच सैतानाच्या हवाली करून बदल्यात आईला मागतो. आई ते पाहते आणि अशी सुटका नाकारते. मुलाचं तोंडही पाहायचं नाही म्हणते. त्या नकारानेच तिचा आत्मा शुद्ध होऊन मुक्त होतो. आणि डूमने हे सगळं आधीच योजलेलं असतं. आई सुटावी म्हणून तिच्या नजरेतून कायमचं उतरायला तो तयार झालेला असतो. आई, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुला रात्री फोन करून उगाच "झोपलीस का?" विचारलं होतं, आठवतं?

सिनेमात यातलं काय घेतील, कुणास ठाऊक. मला एवढंच हवंय की मुखवट्याआड तो मुलगा असावा. डाउनीचे डोळे ते करू शकतात.

डूम्सडे आधी २०२६च्या १ मेला येणार होता, तो १८ डिसेंबरवर ढकलला. त्याआधी २६ जूनला सुपरगर्ल आहे, ३१ जुलैला स्पायडर-मॅन. ते मी पाहीनच. पण १८ डिसेंबरला तुम्ही माझ्याबरोबर यायचं आहे. कडेच्या खुर्च्या घेईन, म्हणजे बाबांना पाय मोकळा ठेवता येईल, मध्येच उठावं लागलं तरी कुणाची अडचण होणार नाही. आवाज मोठा असतो, आईसाठी कानात घालायला कापूस मी आणीन. कोण कोणाचा कोण, ते हळू आवाजात सांगत जाईन.

त्याआधी ते १९८९चं पुस्तक पाठवते. एकेक चौकट मोठी करून छापून घेतली आहे. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा, आणि शेवटची पानं वाचून झाली की मला फोन करा, कितीही वाजलेले असोत.

तुमची,
लेक