मशीन घेतल्यानंतरचं पण लिहा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आपल्या आरोग्याच्या पानावरचा घोरण्यावरचा लेख वाचला, चांगला होता, पण तो स्लीप स्टडी (झोपेतली तपासणी) करा आणि सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधनं दाबानं हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन, लावा इथंच संपला, आणि आमच्यासारख्या घरांचं खरं तिथनंच सुरू होतं म्हणून लिहितेय.

स्लीप अ‍ॅप्निया या घोरण्याच्या आजारात झोपेत घसा मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, ऑक्सिजन खाली जातो आणि मेंदू दचकून जागं करतो, सकाळी पेशंटला यातलं काही आठवत नाही. तासाला 30 च्या वर असं झालं की तीव्र म्हणतात, माझ्या मिस्टरांचा रिपोर्ट तसाच होता. पण त्या आकड्यात हे दिसत नाही की धायरीहून हिंजवडीला जाताना सिग्नलला गाडी थांबली की यांची मान खाली जायची आणि मागचे हॉर्न मारायचे. नवले पुलाच्या उतारावर मी शेजारी असले तर उगाच काहीबाही बोलत राहायचे, यांचा डोळा लागू नये म्हणून. रात्री बाथरूमला तीन-चारदा उठणं, सकाळी डोकं जड, मुलीनं साधं काही विचारलं तरी अंगावर ओरडणं. आम्ही सगळे हा स्वभावच धरून चाललो होतो.

मशीन घरी आलं. विकणाऱ्यानं दहा मिनिटांत बटणं दाखवली, सही घेतली आणि गेला. मास्क नाकाच्या वर नीट बसेना, फटीतनं हवा थेट डोळ्यात, पट्टा आवळला की सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ, तोंड कोरडं पडून जाग यायची. मग रात्री कधीतरी हे झोपेतच काढून टाकायचे. डॉक्टर मंडळी साधारण रात्रीचे 4 तास तरी मशीन लावलं तर वापर ठीक म्हणतात, आमचे दीड-दोन होत होते आणि नातेवाईक म्हणत होते की पैसे वाया गेले.

शेवटी एका टेक्निशियन मुलीनं यांना खाटेवर आडवं झोपवलं, मशीन सुरू ठेवलं आणि मग मास्क बसवला. आडवं झाल्यावर चेहरा सैल पडतो त्यामुळे बसून घेतलेलं माप चुकतं, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं! लहान साईजचा मास्क दिला, हवा ओलसर करायचं भांडं डिस्टिल्ड वॉटर घालून वापरायला सांगितलं, मशीनमध्ये किती तास लावलं, हवा किती गळते हे सगळं नोंदलेलं असतं ते बघून डॉक्टरांनी प्रेशर बदललं. त्यानंतर जे झालं ते मला छापून यायला हवंय. हे रात्री उठायचे थांबले. संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर आडवे व्हायच्या ऐवजी मुलीची गणितं घ्यायला लागले, ती आता न घाबरता यांच्याशी वाद घालते. मी परत आमच्या खोलीत झोपते.

कुणी म्हणेल मशीननं हार्ट अटॅक टळतो हे कुठं सिद्ध झालंय. बरोबर आहे, 2016 साली आलेल्या सेव्ह या मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतातले पेशंटही होते, आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांमध्ये सीपॅपनं पुढचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही, अर्थात वापर सरासरी रात्रीला 3.3 तासच होता. पण त्याच अभ्यासात दिवसाची झोप कमी झाली, मूड सुधारला, जगणं सुधारलं. ही काय छोटी गोष्ट आहे का? ज्याच्या घरात हा माणूस राहतो त्याला विचारा.

म्हणून डॉक्टरांना आणि मशीन विकणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच की मशीन विकलं म्हणजे उपचार झाला असं धरू नका. पहिल्या आठवड्यातच पेशंटला परत बोलवा, झोपवून मास्क बघा, आणि बरोबर घरच्या माणसालाही बसवा, कारण रात्री काय होतं ते त्यालाच माहीत असतं. मास्क कशानंच सहन होत नसेल तर खालचा जबडा पुढं धरणारं दातांचं उपकरण काहींना चालतं, तेही सांगा. मेडिक्लेमवाले ज्या वस्तूंचे पैसे देत नाहीत त्यांच्या यादीत सीपॅप असतं, हे बदलायला पाहिजे, नोकरदार माणूस एवढे पैसे एकदम कुठनं आणणार.

आणि बस-ट्रक चालवणाऱ्यांना दिवसा झोप किती येते हे विचारणारी आठ प्रश्नांची एपवर्थ चाचणी आहे, पाच मिनिटांत होते, पण खरं उत्तर दिलं तर ड्युटी जाईल या भीतीनं कोण खरं सांगेल? उपचार घेतला की परत गाडीवर घेऊ असं मालकांनी आधी लेखी द्यावं, मग विचारावं.

पुढच्या लेखात कृपया मास्क न बसणाऱ्यांसाठी पुण्यात कुठल्या सरकारी आणि खाजगी हॉस्पिटलात मास्क बघून देतात आणि त्याचे किती घेतात, तेवढं छापा.

– एक वाचक, धायरी, पुणे