सकाळी १० ते दुपारी ४ मैदानाचं गेट उघडं ठेवायचंय, माणसं पण हवीत आणि थोडे पैसे पण

मंडळी नमस्कार, पर्वतीच्या पायथ्याच्या आपल्या मैदानातून लिहितेय, म्हणजे खरंच मैदानातून, कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसून, कारण घरी लाईट गेलीये. उन्हाळी शिबिराबद्दल आहे आणि आधीच सांगते, मागायलाच आलेय. पण काय हवंय त्याच्या आधी का हवंय ते ऐका.

दरवर्षी आपलं ठरलेलं असतं, परीक्षा संपल्या की सकाळी मल्लखांब आणि खो-खो, संध्याकाळी लंगडी, लगोरी, आट्यापाट्या, आणि गेटवर वही. ही वही म्हणजे समितीतल्या एका आजोबांचा हट्ट, ते रोज खुर्ची टाकून बसतात, आलेल्याच्या नावापुढे निळी खूण, न आलेल्याच्या पुढे लाल, आणि आम्ही हसायचो त्यांना की आजोबा शिबिर फुकट आहे हो, हजेरी कशाला, कोणाला नापास करायचंय का. तर यंदा सुट्टीच्या आधी सगळ्यांनी बसून जुन्या वह्या चाळल्या. मीटिंगचा विषय होता की मे मध्ये मुलं कमी का होतात. कोणी म्हणालं मोबाईल, कोणी म्हणालं ऊन, एक काका म्हणाले हल्लीच्या पोरांना दम नाही. (हेच काका आमच्या वेळी पुण्यात पंखे लागत नव्हते असंही म्हणतात, त्यांच्यासाठी सांगून ठेवते, पुण्यातला नोंदलेला सगळ्यात जास्त पारा ४३.३ अंश, आणि तो ३० एप्रिल १८९७ चा, म्हणजे काकांच्या आजोबांच्या वेळचा.)

वहीत मात्र वेगळंच निघालं. मे सुरू झाला की लाल खुणा वाढतात हे खरं, पण कोणाच्या, तर सोसायट्यांमधल्या मुलांच्या, कोणी कोकणात, कोणी मामाकडे, कोणी गाडी काढून महाबळेश्वरला. त्यात वाईट काही नाही, माझी दोन्ही त्यातलीच. पण काही नावांपुढे लाल खूण जवळजवळ नाहीच, रोज निळी, सकाळी पण संध्याकाळी पण. ही वस्तीतली मुलं. आई चार घरची धुणीभांडी करून दुपारी उशिरा येते, वडील रिक्षावर नाहीतर साईटवर, गावाकडे आता कोणी राहिलेलं नाही. आणि त्यांच्या पानांवर समासात आजोबांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, "१२ वा. गेटबाहेर", "१ वा. गेटबाहेर, चौघे". विचारलं तर म्हणाले, मी औषध आणायला जातो ना दुपारी, तेव्हा दिसतात, गेटला टेकून बसलेली असतात चार वाजेपर्यंत. घरात पत्र्याखाली बसवत नाही म्हणून.

आम्ही सगळे गप्प. इतकी वर्षं आपण हजेरी मोजली ती गेटच्या आतली, गेट १० ला बंद झाल्यावर बाहेर कोण बसलंय ते बघितलंच नाही.

आता पुण्यात १ ते ४ दुकान बंद हे आपण सगळ्यांनी मान्य केलेलंय, त्यावरचे जोक पण आपणच फॉरवर्ड करतो, पण मुलांचं मैदान सुट्टीतच दुपारी बंद हे काय पटत नाही. म्हणून अर्ज केला, चकरा मारल्या, आणि यंदा १० ते ४ गेट उघडं ठेवायची परवानगी मिळालीये. अट एकच, त्या वेळात दोन मोठी माणसं हजर पाहिजेत. आणि ती आमची पण अट आहे. म्हणजे आता सगळं आपल्यावर आहे.

सगळ्यात आधी सावली. कडुनिंब आहे पण एकटा किती पुरणार, सूर्य सरकला की सावली भिंतीपलीकडे जाते. गेल्या वर्षी आम्ही हौसेनं ताडपत्री बांधली होती, ती खालून भट्टीसारखी तापली आणि वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात शिडासारखी फुगून दोन बांबू घेऊन उडाली, तिचा एक तुकडा अजून कडुनिंबावर आहे, वर बघा दिसेल. तर ताडपत्री देऊ नका प्लीज. शेडनेट हवीये, ती हिरवी, नर्सरीवाले लावतात ती, तिच्यातून वारा जातो म्हणून उडत पण नाही आणि खाली कोंडत पण नाही. ५० टक्के ऊन अडवणारी स्वस्त मिळते पण रोपांना ठीक, मुलांना ७५ टक्क्यांची तरी पाहिजे. ३ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब असा रोल येतो, असे दोन झाले तर कट्ट्यापासून मल्लखांबापर्यंत झाकलं जाईल. कोणाची नर्सरी असेल, शेतावर जुनी पडली असेल, तर थोडी फाटकी पण चालेल, आम्ही शिवू.

मग पाणी. फिल्टर, कूलर वगैरे नको, वायर आणि बिल कोण बघणार. माठ द्या. पुण्याची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते त्यामुळे माठातलं पाणी पाझरून जसं गार होतं तसं मुंबईवाल्यांच्या नशिबी नाही, त्याचा फायदा घेऊया. सोबत माठाची तिवई आणि दांडीचं ओगराळं, म्हणजे कोणी हात बुडवणार नाही. कैरीचं पन्हं घरी करत असाल तर एक बाटली जास्तीची करा. डॉक्टर मंडळींपैकी कोणी एक दिवस येऊन मोठ्या मुलांना शिकवलं तर फार बरं होईल, ऊन लागलं तर सावलीत कसं घ्यायचं, आणि एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण, कारण आपण सगळे अंदाजपंचे मीठ टाकतो. चमचा चहाचा बरं का, भाजीचा नाही.

दुपारी पळापळ करायची नाहीये, सावलीत बसून खेळायचंय. कॅरम हवाय (आमच्या बोर्डाच्या एका कोपऱ्यात सोंगटी आपोआप जाते, त्या बाजूला बसायला भांडणं होतात), बुद्धिबळ, सागरगोटे, पत्त्यांचे कॅट पूर्ण ५२ चे, गोष्टीची पुस्तकं. पत्ते म्हटल्यावर नाक मुरडू नका, मेंढीकोट आणि बदामसात खेळूनच आपण सगळे मोठे झालो.

सकाळच्या शिबिरासाठी एरंडेल तेल लागेल मल्लखांबाला, आणि खाली टाकायला जुन्या गाद्या, ढेकूण नसलेल्या. खो-खोच्या एका खांबाला तडा गेलाय, सुतारकाम येणारे कोणी असतील तर बघून जा. डेक्कन जिमखान्यानं १९१४ मध्ये खो-खोचे नियम बसवले ते याच शहरात, आणि आपल्या पोरांनी वाकडा खांब धरून वळायचं म्हणजे जरा लाजच वाटते.

आणि खरी गरज माणसांची. तुमचे दोन तास, आठवड्यातून एकदा. शिकवायचं काही नाही, सावलीत बसायचं, भांडण सोडवायचं, माठ भरायचा, वहीत खूण करायची. रिटायर्ड मंडळी, वर्क फ्रॉम होमवाले, कॉलेजची सुट्टी लागलेले, सगळे चालतील. घरी पण दुपारी पेंगतच असता ना, इथे कट्ट्यावर पेंगा, एकानं जागं राहिलं म्हणजे झालं.

पैसे द्यायचेच असतील तर गेटच्या आत नोटीस बोर्डावर कोड लावलाय आणि पावती हातोहात मिळेल, हिशेब त्याच बोर्डावर दर शनिवारी लावू, तेलाच्या बाटलीपासून सुतळीपर्यंत. नको काय ते पण सांगते, जुने कपडे नकोत, आणि बिस्किटं वाटतानाचे फोटो नकोत, मागच्या वर्षी एकानं एकाच पुड्यासकट आठ मुलांचे फोटो काढले, मुलांना कळतं हो सगळं.

येत्या रविवारी सकाळी ७ ला बांबू उभे करायचेत, चहा आमच्याकडे. उंच शिडी कोणाकडे आहे तेवढं आज रात्रीपर्यंत सांगा, आमच्या शिडीची वरून दुसरी पायरी नाहीये आणि आजोबा म्हणतायत मीच चढतो.