परवाने मोजल्याशिवाय नूतनीकरणाच्या बिलावर सही नको

मा. माहिती-तंत्रज्ञान मंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळूर यांस,

महोदय,

सादर नमस्कार. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील कार्यालयांच्या संगणकांची देखभाल मी गेली पंधरा वर्षे कंत्राटाने करतो. सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर होणारा नाहक खर्च आपल्या कानावर घालावा, म्हणून हे पत्र.

गेल्या मार्चअखेरीस एका कार्यालयात परवान्यांच्या नूतनीकरणाचे बिल सहीसाठी तयार होते. सहज म्हणून मी वापरकर्त्यांची यादी उघडली आणि ‘शेवटचे लॉगिन’ हा रकाना पाहिला, तर चाळीसपैकी सतरा परवाने वर्षभरात कोणी उघडलेलेच नव्हते. पहिलेच नाव दोन पावसाळ्यांपूर्वी निवृत्त झालेल्या हेडक्लार्कांचे; त्यांच्या मॉनिटरला पासवर्डची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तिघांची बदली चिक्कोडीला झाली होती, तिथे त्यांच्यासाठी नवे परवाने घेतले गेले आणि इथले जुनेही चालू राहिले. यादी दाखवल्यावर साहेब म्हणाले, “यंदा राहू द्या, नाहीतर ग्रँट परत जाईल.” त्यांना तरी काय बोलावे? निधी शिल्लक राहिला की पुढच्या तरतुदीला कात्री लागते, हे त्यांनी अनुभवलेले असते.

पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की त्या संगणकावर वर्षानुवर्षे चालत असे. आता बहुतेक ठिकाणी माणशी वार्षिक वर्गणी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो, त्यामुळे माणूस गेला तरी त्याच्या नावाचा परवाना कोणीतरी मुद्दाम बंद करेपर्यंत पैसे जातच राहतात. शिवाय केवळ पत्रे टाइप करणाऱ्यालाही साहेबांइतकीच महागडी योजना दिली जाते. त्याचे काम लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरवर विनाशुल्क होते. कन्नड आणि मराठी युनिकोडही त्यात व्यवस्थित चालते. केंद्राने 2015 मध्येच मुक्त-स्रोत (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे आणि केरळच्या सरकारी शाळांनी तर त्याही आधी ही वाट धरली. अर्थात, हिशेब विभागातल्या मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) भरलेल्या एक्सेल फायली लिबरऑफिसमध्ये अडखळतात, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून सरसकट बदलाचा आग्रह मी धरणार नाही.

विनंती एवढीच, की नूतनीकरणाच्या प्रत्येक बिलाला मागील 90 दिवसांच्या लॉगिनची यादी कार्यालयप्रमुखांच्या सहीने जोडणे सक्तीचे करावे, बदलीच्या आदेशाबरोबर परवानाही नव्या कार्यालयाकडे वर्ग व्हावा, आणि वाचलेली रक्कम परत न घेता त्याच कार्यालयाला इतर संगणक-खर्चासाठी वापरू द्यावी. ही शेवटची मुभा नसेल, तर लॉगिनच्या यादीत कोणी खरे आकडे भरणार नाही. वर सांगितलेल्या त्याच कार्यालयात यूपीएसच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आहेत आणि पावसाळ्यात वीज गेली की टाइप केलेले सगळे पुसले जाते. बॅटऱ्यांसाठी मात्र तरतूद नाही.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती कंत्राटदार, बेळगाव